संगमात खडक नव्हता

दापोडीच्या संगमात त्या सकाळी जी शिडाची बोट बुडाली, ती खडकावर आपटून बुडाली नाही. तिथे खडकच नव्हता. सुकाणूवर बसलेला नावाडी प्यायलेलाही नव्हता. बोट माझ्या हातच्या कामामुळे फुटली, आणि फुटणार हे मला ती पाण्यात असतानाच कळलं होतं. आता माझी पंच्याऐंशी उलटली आहे. पिंपळे गुरवच्या जुन्या घरांतून अजूनही एखादं म्हातारं माणूस ‘तरीवाल्यानं डॉक्टरची बोट बुडवली’ असं सांगतं. हे पसरलं ते माझ्या एका वाक्यामुळे. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहितो.

आम्ही चिखलीचे सुतार. वडील बैलगाडीची चाकं करायचे. निघोज्यापासून माणसं त्यांच्याकडे चाकं घेऊन यायची. उन्हाळ्यात लाकूड वाळतं, आकसतं, आणि चाक खिळखिळं होतं. त्यावर दोन उपाय. वेळ असेल तर चाक आठ दिवस ओढ्यात बुडवून ठेवायचं, लाकूड फुगतं आणि सांधे आपसूक आवळतात. घाई असेल तर सांध्यात पाचर ठोकायची. वडील प्रत्येक वेळी बजावायचे, “एक तर पाणी पाज, न्हाईतर पाचर मार. दोनी केलंस तर चाक सोताला फोडून घेतं.” पाचरीने जागा भरलेली असते. मग लाकूड फुगलं की त्याला जायला वाव राहत नाही, आणि ते काहीतरी मोडूनच जागा करतं. हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होतं. म्हणून अजाणतेपणी चूक झाली असं मला म्हणता येत नाही.

पन्नासच्या दशकाची मधली वर्षं होती. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथे सुतारखात्यात हंगामी होतो. यंत्रं बसवायला परदेशातून आलेल्या एका साहेबाने मुंबईहून लॉरीवर घालून एक बोट आणली होती. वीसेक फूट लांब, आत दोन माणसं झोपतील एवढी बसकी खोली, तळाला शिशाच्या लाद्या, आणि एक उंच डोलकाठी. पहिल्या वर्षी त्याने ती खडकवासल्याच्या तलावात फिरवली. नंतर कामाचा रेटा वाढला आणि बोट त्याच्या बंगल्यामागे लाकडी घोड्यांवर ताडपत्रीखाली पडून राहिली. असे दोन उन्हाळे गेले.

साहेबाची परत जायची वेळ आली. त्याने एक कागद टाइप करून पुण्यातल्या एका क्लबात लावायला दिला. त्याचा अर्थ मला कारकुनाने सांगितला होता: वापरलेली शिडाची बोट विकणे आहे, शर्यतीसाठी आणि सफरीसाठी उत्तम, तीन शिडं, चांगल्या स्थितीत. जाताना त्याने बोट माझ्या हवाली केली आणि कारखान्याच्या मोठ्या साहेबांना सांगून ठेवलं, की बोट नीट हातावेगळी झाली की या सुताराला कायम करा. मी बावीस वर्षांचा होतो. लग्न ठरलं होतं. कायम या शब्दाला त्या वेळी आमच्या घरात केवढं वजन होतं, हे आता कुणाला समजावणं कठीण आहे.

ताडपत्री काढली आणि मी बोटीच्या आत शिरून बसलो, तर चहूकडून उजेडाच्या बारीक रेघा आत येत होत्या. फळी न् फळी आकसली होती. फटींत ठासलेला कापूस सुटून लोंबत होता.

मी पिंपळे गुरवच्या उतारावरून तरीवाल्याला बोलावून आणलं. पवनेवर तिथे तेव्हा पूल नव्हता. माणसं, शेरडं, भाजीच्या पाट्या पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, तो चालवायचा. दोन्ही काठांची गावं त्याला सुगीला धान्य द्यायची. पन्नाशीचा, काटक. सगळे त्याला मामा म्हणायचे. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली, फटीत नख घातलं आणि म्हणाला, “बुडवा हिला. दगडं भरा आन् आठ दिस डोहात खाली जाऊ द्या. लई तहानल्यालं लाकूड हाय. पिऊन आलं की थेंब आत न्हाई यायचा.”

“मामा, बुडवलेली बोट गिऱ्हाइकानं बघितली तर?”

“मग बघू द्या की. नवरी हळदीत बघितली म्हनून कोन लगीन मोडतंय?”

तो बरोबर होता. साहेबही असंच काहीसं सांगून गेला होता. पण पुण्याच्या एका डॉक्टरांचा निरोप आला, की येत्या रविवारी येतो, चालवून बघतो आणि पसंत पडली तर लगेच घेतो. हाताशी चार दिवस होते. नदीच्या तळाशी पडलेली बोट पाहून डॉक्टर आल्या पावली परत जातील, ही भीती माझ्या डोक्यात बसली.

मी पाचरा मारल्या. सागाच्या पातळ पट्ट्या काढल्या, सरसात बुडवल्या आणि प्रत्येक फटीत ठोकून बसवल्या. वर रंधा फिरवला, लांबी भरली, पांढरा रंग दिला. तीन दिवस हेच केलं. काम देखणं झालं होतं, हेही लिहायला हवं. वडील एकदा येऊन पाहून गेले. रंगावरून हात फिरवत ते म्हणाले, “पानी पाजलंस का रं?” मी “हो” म्हटलं. ते माझं पहिलं खोटं.

मनाशी हिशेब साधा होता. डॉक्टर अर्धा तास बोट फिरवतील. अर्ध्या तासात लाकूड किती फुगणार? पुढे ते ती कुठे ठेवतील, काय करतील, तो विचार मी केलाच नाही.

शनिवारी दुपारी दोन बैलगाड्या एकमागोमाग जोडून, वर बोट लांबीने बांधून आम्ही मुंबई रस्त्याने दापोडीला निघालो. कासारवाडीपाशी माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली.

“सुतारा, वरात कुनाची रं?”

“हिला बैल म्होरं जुंपायचं का मागं?”

“आरं, पावसाळा सरला. आता आलाय व्हय बोट घिऊन.”

मीही हसलो. संगमाजवळ बोट वाळूवर उतरवली, आणि मामा म्हणाला, “तुमी जावा घरी. मी राखतो.” मी चिखलीला परतलो.

रविवारी सकाळी संगमावर पोचलो आणि वाळूवर बोट दिसेना. मग पाहिलं, ती पाण्यात होती. दोराने बांधलेली, शांत उभी.

“कधी घातली पाण्यात?” मी विचारलं.

“कालच की, दिस मावळायच्या आदी, चार गडी लावून,” मामा खुशीत म्हणाला. “आठ दिस न्हाईत तर न्हाई, येक रात तरी पिऊ द्यावं म्हनलं. आन् काम झ्याक केलंय राव तुमी. थेंब न्हाई आत.”

थेंब नव्हता, कारण फट राहिलीच नव्हती. दोन उन्हाळे वाळलेलं ते लाकूड रात्रभर पाणी पीत बसलं होतं. मी बोटीवर चढून फळीला हात लावला. ती ताणलेल्या चामड्यासारखी लागली. कान जवळ नेला तर आतून ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. पाचर मारून पाण्यात घातलेल्या चाकाचा हा आवाज मी लहानपणी एकदा ऐकला होता. त्या चाकाचे दोन आरे फुटले होते, आणि वडिलांनी मला ते हातात धरायला लावून दाखवले होते.

मी तेव्हाच सांगू शकलो असतो. डॉक्टर अजून आले नव्हते. मामा एकटाच होता. फक्त म्हणायचं होतं, मामा, मी पाचरा मारल्यात. पण डोक्यात एकच चाललं होतं, की बोट परत ओढली तर रंग सोलला जाईल, पाचरा दिसतील आणि सगळं मोठ्या साहेबांपर्यंत जाईल. तेवढ्यात रस्त्यावर मोटार थांबली.

डॉक्टर उमदा माणूस होता. विलायतेत शिकताना शिडं हाकायला शिकला होता. बरोबर त्याची बायको होती, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून आलेली. “मी काठावर बसून राहायला आले नाहीये हं,” ती नवऱ्याला म्हणाली. डॉक्टरांनी शिडाच्या दोऱ्या हातात घेतल्या. नदी मामाच्या ओळखीची म्हणून सुकाणू त्याच्याकडे दिलं. आणि मला म्हणाले, “मिस्त्री, तुम्हीही चला. ज्यानं दुरुस्त केली तो आत असला की विकत घेणाऱ्याला धीर येतो.”

मला पोहता येत नव्हतं. तरी मी चढलो. नाही म्हणण्यासाठी कारण द्यावं लागलं असतं.

मी तळाशी बसलो. डावी बाजू माझ्या पाठीशी होती. शीड फुगलं, बोट कलली आणि पाणी कापत निघाली. डॉक्टरांची बायको लहान मुलीसारखी हसत होती. “अहो, घ्या हो ही,” ती म्हणाली. टक्. माझ्या मांडीजवळ एक पाचर फटीतून वर आली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मी तिच्यावर अंगठा ठेवून दाबलं. ती आत गेली नाही. अंगठ्याखाली ती हळूहळू वर ढकलत होती. एखादं जिवंत जनावर बोटाखाली सरकावं तसं वाटलं. मी दुसरा अंगठा लावला. मामा सुकाणूवरून माझ्याकडे पाहत म्हणाला, “सुतारभाऊ, हवा लागली का काय? पांढरं पडलंय तोंड.” सगळे हसले. परत फिरवा, एवढे दोनच शब्द होते. मी त्यांची जुळणी करत होतो, आणि दर वेळी वाटायचं, या वळणापर्यंत टिकेल, मग काठ जवळच आहे.

पवना मुळेला मिळते तिथे, पात्र सर्वांत रुंद असतं त्या जागी, वाऱ्याचा एक झोत आला. बोट माझ्या बाजूला जोरात कलली आणि कानाशी बंदूक उडावी तसा आवाज झाला. एक अख्खी फळी फासळीसकट सुटली. पाणी आत आलं ते एखाद्या बांधाला भगदाड पडल्यासारखं. शिशाच्या लाद्यांनी बोट खाली ओढली. हे सगळं व्हायला किती वेळ लागला सांगता येत नाही. मी पाण्याखाली डोळे उघडे ठेवून होतो. हिरवट उजेड होता, आणि वर कुठल्या बाजूला आहे तेच समजत नव्हतं. तेवढी भीती मला पुढे कधीच वाटली नाही. बायकोच्या आजारपणातही नाही, हे लिहिताना लाज वाटते.

माझी कॉलर मामाने धरली. त्याच्या दुसऱ्या हाताला डॉक्टरांच्या बायकोचा पदर पिळा देऊन गुंडाळलेला होता. काठावरून होडी येईपर्यंत त्याने आम्हा दोघांना नुसत्या पायांच्या जोरावर वर धरून ठेवलं. डॉक्टर स्वतः पोहत आले. कुणी दगावलं नाही. बाईंच्या कपाळाला मात्र खोल जखम झाली होती आणि बराच वेळ त्या शुद्धीवर नव्हत्या.

दुपारी पिंपळे गुरवच्या देवळाच्या पारावर दोन्ही काठांची माणसं जमली. डॉक्टर बाईंना दवाखान्यात पोचवून परत आले होते, आणि संतापले होते. “या माणसानं बोट खडकावर घातली,” ते म्हणाले. “मी स्वतः आवाज ऐकला.” कुणीतरी मागून म्हणालं, “काल रातच्याला वाळूवरच व्हता. काय टाकून बसला आसंल, कुनास ठावं.” दोन-तीन जण हसले.

मामा ओल्या कपड्यांतच उभा होता. “खडक न्हाई तिथं,” तो म्हणाला. “माझ्या बापानं बी तीच नदी नांगरली. मुळेच्या तोंडाला बांबू पुरत न्हाई. आन् माळकरी मानूस हाय मी. थेंबाला शिवत न्हाई.” मग तो माझ्याकडे वळला. “हे सुतार आत व्हते. लाकडाचं मानूस हाय. तुमी सांगा, सुतारभाऊ. खडकाचा आवाज व्हता का फळी फुटल्याचा?”

मी पाराच्या वरच्या पायरीवर उभा होतो. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हणालो, “आवाज तर खडकासारखाच आला.”

एवढंच वाक्य. ‘खडक होता’ असंही मी म्हटलं नाही, आणि कित्येक वर्षं याच फरकाच्या आधारावर मी स्वतःला समजावत राहिलो. मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याला राग आलेला दिसला नाही. तो बुचकळ्यात पडला होता.

पुढच्या आठवड्यात गावांनी मामाची तर काढून दुसऱ्याकडे दिली. मोठ्या साहेबांनी अपघाताची नोंद केली, माझी विचारपूस केली, आणि दोन महिन्यांत मला कायम केलं.

त्यानंतर मला भीती वाटू लागली ती उन्हाळ्याची. नदीचं पाणी उतरलं की बोट उघडी पडणार होती. माघापासून मी दर सुटीला संगमावर जाऊन पाणी कुठवर आलं ते बघायचो. काठच्या एका दगडावर मी कोळशाने रेघ ओढली होती. पाणी त्या रेघेखाली जाऊ लागलं, तसं मला जेवण जाईना. घरचे म्हणत, लग्नाची धास्ती घेतली पोरानं. चैत्रात बोटीची पाठ दिसू लागली. परतीच्या पावसाच्या पुराने तिला कडेच्या गाळात आणून टाकलं होतं. मी गाडी जुंपली, कुऱ्हाड आणि पहार घेतली आणि सकाळीच गेलो. जळणासाठी लाकूड नेतोय असं सांगायचं ठरवलं होतं.

निम्मी बोट फोडून झाली आणि मागे पाण्यात पावलं वाजली. मामा होता. त्याने गाडीतली एक फळी उचलली. तिच्या कडेला पाचर तशीच चिकटलेली होती, साग ताजा दिसत होता. त्याने तिच्यावर अंगठा दाबला, मी त्या दिवशी दाबला होता तसाच.

“पाचर मारलीस व्हय?” तो म्हणाला. आजवर त्याने मला अरेतुरे केलं नव्हतं.

“व्हय, मामा.”

“आन् मी पान्यात घातली.” त्याने फळी उलटी करून दुसरी कड पाहिली. “मला म्हनायचं तरी. मी कशाला घातली आसती?”

कुऱ्हाड हातातच होती. तो आता ही फळी खांद्यावर टाकून सरळ पारावर जाणार, असं मला वाटलं, आणि पळावं की पाय धरावेत ते सुचेना.

त्याने फळी गाडीत परत ठेवली. “मी सांगून कोन ऐकंल? म्हनतील, आता लाकडं घिऊन आलाय. तूच सांग गावाला.”

“सांगतो.”

“कवा?”

“लगीन झालं की सांगतो, मामा. पंधरा दिवसांवर आलंय.”

“बरं,” तो म्हणाला. आणि उरलेला तळ माझ्या एकट्याने उचलेना, म्हणून त्याने दुसरी बाजू धरली.

लग्न झालं. मी सांगितलं नाही. मग बायकोला दिवस गेले, मग बढतीची गोष्ट निघाली, मग वडील गेले. प्रत्येक वेळी थोडं थांबू असं वाटायचं. मामा आमच्याच कारखान्याच्या नव्या इमारतीवर विटा वाहायला लागला होता. सुटीचा भोंगा झाला की तो फाटकापाशी उभा दिसायचा. हाक मारायचा नाही, नुसतं बघायचा. मी मागच्या फाटकाने जाऊ लागलो. दोन वर्षं मी त्या फाटकाने ये-जा केली. मग एकदा कळलं, की तो आता कामाला येत नाही. आणखी काही वर्षांनी कळलं, की तो वारला.

यंदा बायको गेली. तिलाही मी सांगितलेलं नव्हतं. तिच्या वर्षश्राद्धाआधी मी पिंपळे गुरवला गेलो आणि मामाच्या मुलाचं घर शोधून काढलं. तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्याचंही वय झालं आहे. कारखान्यातूनच निवृत्त झालेला. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच. सुनेने आणून ठेवलेला चहा तसाच राहिला.

त्याने माझा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, “शाळेत मला बेवड्याचं पोरगं म्हणायचे. मी एकदा वडलांना विचारलं होतं, खरंच प्यायला होता का म्हणून.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, सुतार सांगंल. त्याला सांगायचंय, पर त्याला अजून जमंना झालंय.” त्याने चष्मा काढून पुसला. “मला ते खोटं वाटलं. म्हातारा वेळ मारून नेतोय असंच वाटलं. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याशी धड बोललोसुद्धा नाही.”

मी हात जोडले. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

“माझ्यापाशी बोलून काय उपयोग?” तो म्हणाला. “जिथं बोललात तिथंच बोला. रविवारी पारावर माणसं असतात.”

“माझ्याच्याने बोलवणार नाही. तोंड उघडलं आणि पुन्हा भलतंच बाहेर पडलं तर?”

“मग लिहून आणा आणि वाचा.”

म्हणून हे लिहिलं. परवा रविवार आहे. आज दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं. दोन्ही वेळा पाराच्या जागी आल्यावर पुढचं वाक्य सोडून द्यावं असं मनात आलं. ती भीती अजून तशीच आहे, कॉलरला धरून वर काढणारं मात्र आता कुणी नाही. त्याच्या मुलाचा काल फोन आला होता. पायऱ्या चढायला तुम्हाला त्रास होईल, खुर्ची खालीच ठेवू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वरच ठेवा.